हजेरीपटात न दिसणारी पाठदुखी

अमरावतीहून नागपूरकडे जाताना गुरुकुंज मोझरीच्या पुढे तिवसा हे तालुक्याचे ठिकाण लागते. संत्रा, कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा हा तालुका. पाठदुखी म्हटले की येथे निंदण करणारी मजूर स्त्री किंवा पोती वाहणारा हमाल डोळ्यांसमोर येतो आणि ते साहजिकच आहे. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्याच्या कमरेची दखल मात्र घरचेही फारशी घेत नाहीत. 'सावलीत बसून काम करणाऱ्याला कसली कंबरदुखी?' हा प्रश्न त्याला कधी ना कधी ऐकावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतील पाठदुखीवर बरेच लिहिले गेले आहे. तालुक्याच्या ठिकाणी तेच काम करणाऱ्या लिपिकांविषयी, संगणक चालकांविषयी आणि बँक कर्मचाऱ्यांविषयी त्या मानाने फारच थोडे.

वास्तविक गेल्या काही वर्षांत अशा कार्यालयांतील कामाचे स्वरूप पार बदलले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आली. शेतकऱ्याची एक खेप वाचली, हे खरेच. परंतु पूर्वी दप्तर काढणे, गठ्ठे सोडणे, साहेबांच्या सहीसाठी उठून जाणे या निमित्ताने कर्मचाऱ्याचे शरीर दिवसभरात अनेकदा हलत असे. ती हालचाल आता माऊसच्या एका टिचकीत सामावली. त्यातच २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाचा दिवस सव्वासात तासांवरून आठ तासांचा झाला. वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर आले; तास मात्र २,०८८ वरून २,११२ झाले. सुटी वाढली, पण बैठकही लांबली. अमरावतीहून रोज अपडाऊन करणाऱ्यांच्या बाबतीत एसटीतील किंवा दुचाकीवरील धक्क्यांचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो.

तोटा मोजायचा कसा?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. कंबरदुखी हा त्यातील सर्वांत मोठा गट. जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे.

यातून कामाचे किती नुकसान होते, हे रजेच्या अर्जांवरून कळत नाही. अमेरिकेत सुमारे २९ हजार नोकरदारांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डोकेदुखी, पाठदुखी, संधिवात यांसारख्या दुखण्यांमुळे वाया जाणाऱ्या कामाच्या वेळेची किंमत त्यात वर्षाला ६१ अब्ज डॉलरहून अधिक ठरविण्यात आली होती. लक्षात ठेवण्याजोगा भाग पुढेच आहे. या तोट्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा गैरहजेरीचा नव्हता. माणूस कामावर हजर होता, पण दुखण्यामुळे त्याचे काम मंदावले होते.

हा न दिसणारा तोटा मोजण्यासाठी १९९३ साली तयार झालेली एक सहा प्रश्नांची प्रश्नावली आजही सर्वाधिक वापरली जाते. गेल्या सात दिवसांत दुखण्यामुळे किती तास बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केले आणि काम करताना दुखण्याने किती अडथळा आणला, याचे उत्तर शून्य ते दहा या मापावर द्यायचे असते. समजा, एखाद्या लिपिकाने आठवड्याचे चाळीसही तास भरले, एक तासही बुडविला नाही, पण अडथळ्याच्या मापावर तीन हा आकडा लिहिला. हजेरीपटात त्याचा तोटा शून्य. या हिशेबाने मात्र तीस टक्के, म्हणजे बारा तास. हा आकडा माणसाने स्वतःच सांगितलेला असतो, त्यामुळे त्याचे थेट रुपयांत रूपांतर करणाऱ्या जाहिरातींकडे सावधपणे पाहिलेले बरे. शिवाय खासगी कंपनीत हा तोटा ताळेबंदात उतरतो. तहसील कार्यालयात तो खिडकीबाहेरच्या रांगेत उतरतो. गट क्रमांकातील एक अंक चुकला, तर अर्जदाराची आणखी एक खेप होते आणि दुरुस्तीसाठी तोच कर्मचारी पुन्हा त्याच खुर्चीत बसतो.

हे दुखणे संगणकाने जन्माला घातले, असेही नाही. कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७१३ च्या आवृत्तीत कारकुनांच्या आजारांची तीन कारणे दिली होती : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. टाकाच्या जागी कीबोर्ड आला, तरी या यादीत बदल करण्याचे फारसे कारण दिसत नाही. तिसऱ्या कारणाकडे तर आजही सर्वांत कमी लक्ष जाते.

मोबाइलमधील उपचार

जुनाट कंबरदुखीसाठीची डिजिटल साधने साधारण एकाच पद्धतीने चालतात. प्रारंभी प्रश्नावली भरून घेतली जाते, तिच्या उत्तरांवरून व्यायामांचा क्रम ठरतो आणि रोज ठरावीक वेळी आठवण दिली जाते. काही अ‍ॅप मोबाइलच्या कॅमेऱ्यातून खांदा, कंबर, गुडघा यांची स्थिती ओळखून व्यायाम नीट होतो आहे की नाही ते सांगतात. काहींमध्ये अंगावर बांधायचे संवेदक असतात. चांगल्या साधनांमध्ये झोप, चिंता आणि दुखण्याविषयीची भीती यांवरही धडे असतात. हा भाग वरवरचा नाही. 'वाकलो तर मणका सरकेल' या भीतीने माणूस हालचाल टाळू लागतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे आणखी वाढते. हे चक्र तोडणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

जर्मनीने २०१९ च्या कायद्यान्वये अशी अ‍ॅप औषधासारखी लिहून देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. २०२० पासून मान्यताप्राप्त यादीतील अ‍ॅपचा खर्च तेथील सार्वजनिक आरोग्य विमा देतो आणि या यादीत पाठीसाठीच्या व्यायामांचे 'विविरा' हे अ‍ॅपही आले. भारतात अशी व्यवस्था नाही. निदान किंवा उपचारासाठी बनविलेल्या संगणक प्रणालींना एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू झाले असले, तरी 'निरोगी जीवनशैली'च्या नावाखाली मिळणारी बहुसंख्य अ‍ॅप या चाळणीतून जातच नाहीत.

त्यांचा गुण किती येतो? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत असते तितके झळझळीत नाही. डेन्मार्क व नॉर्वेमध्ये ४६१ रुग्णांवर झालेल्या 'सेल्फबॅक' या अ‍ॅपच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अ‍ॅप वापरणाऱ्यांची तीन महिन्यांनंतरची सरासरी प्रगती इतरांपेक्षा २४ गुणांच्या मापावर एका गुणाहूनही कमी फरकाने सरस होती. मात्र ठळक सुधारणा झालेल्यांचे प्रमाण अ‍ॅपच्या गटात ५२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. म्हणजे लाभ आहे, पण तो माफक आहे आणि सर्वांना सारखा नाही. जुनाट कंबरदुखीत व्यायामाचा उपयोग होतो, हे मात्र आता बऱ्यापैकी पक्के आहे. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्यांचा विचार करून तसा निष्कर्ष काढण्यात आला. अ‍ॅप हे तो व्यायाम रोज करवून घेण्याचे एक साधन, एवढेच त्याचे स्थान.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाचे शिक्षण, व्यायाम आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना मान्यता आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर मात्र करू नये, असे त्यांत सांगितले आहे. कमरेचा पट्टा हा सरकारी कार्यालयांत सर्वाधिक दिसणारा उपाय आहे, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

'वेदना' की 'ठणका'?

परदेशी अ‍ॅप वापरताना पहिली अडचण येते ती भाषेची. आणि ती केवळ इंग्रजी न कळण्याची नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रसिद्ध प्रश्नावली केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत मांडले आहेत. शब्दांवरून दुखण्याचा उगम ओळखता येतो, हे त्यामागचे सूत्र. मराठीत हा साठा मुळातच समृद्ध आहे. वाकताना एकाएकी पाठीचे स्नायू धरतात ती उसण. क्षणभर येऊन जाते ती चमक. दिवसभराच्या श्रमाने भरून येते ती रग. ठोक्यांसारखा जाणवतो तो ठणका. एकाच स्थितीत बसून अंग आखडते ते अवघडणे. आणि कमरेतून पायात उतरणारी कळ, तिच्या जोडीला येणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा.

वैद्यकीयदृष्ट्या या शब्दांची किंमत फार मोठी आहे. दुपारनंतर रग भरते आणि फिरल्यावर ओसरते, असे सांगणाऱ्या रुग्णाला बहुधा हालचालीची गरज असते. पिंढरीपर्यंत कळ जाते आणि अंगठा बधिर होतो, असे सांगणाऱ्याच्या मणक्यातील नस दाबली गेल्याची शक्यता असते. त्याला प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाठ आखडलेली राहते आणि विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने मोकळी होते, असे चाळिशीच्या आतील माणूस सांगत असेल, तर मणक्याच्या संधिवाताचा संशय घ्यावा लागतो. यंत्राने केलेल्या भाषांतरात या सगळ्यांच्या जागी 'वेदना' हा एकच पुस्तकी शब्द येतो. घरात तो शब्द कुणी वापरत नाही. आपले दुखणे यादीत कुठेच सापडत नाही, म्हणून माणूस मधलाच एखादा आकडा टिचकावतो आणि त्या आकड्यावरून त्याचा व्यायाम ठरतो.

यावर एक चांगला तोडगा उपलब्ध आहे. ऑस्वेस्ट्री निर्देशांक ही कंबरदुखीमुळे येणाऱ्या अक्षमतेची १९८० पासून प्रचलित असलेली प्रश्नावली. तिच्या मराठी रूपाची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. ती दुखण्याचे वर्णन विचारत नाही. किती वेळ बसता येते, किती चालता येते, झोप लागते का, प्रवास झेपतो का, असे दहा साधे विषय त्यात असतात. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज दुप्पट केली की टक्केवारी निघते. वीसपर्यंत अक्षमता किरकोळ, चाळीसपर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. यासाठी कोणतेही अ‍ॅप विकत घ्यावे लागत नाही.

जवळची साधने

विनामूल्य आणि आपल्याकडेच तयार झालेले साधन म्हणजे आयुष मंत्रालयाचे 'वाय-ब्रेक'. पाच मिनिटांत कार्यालयातच करता येईल अशा योगाभ्यासाचा हा क्रम मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेने सहा योगसंस्थांच्या साहाय्याने जानेवारी २०२० मध्ये महानगरांतील ७१७ जणांवर पंधरा दिवस करून पाहिला आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे अ‍ॅप प्रसिद्ध झाले. केंद्रीय कार्मिक विभागाने लगेच सर्व मंत्रालयांना त्याचा प्रसार करण्यास सांगितले. ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, शेवटी नाडीशोधन व भ्रामरी असा त्याचा साधारण क्रम आहे. दिवसभराच्या बैठकीत खंड पाडण्यासाठी तो उत्तम. मात्र तो निरोगी कर्मचाऱ्यासाठी आखलेला आहे, रुग्णासाठी नव्हे. पायात कळ उतरत असेल, त्याने त्यातील पुढे वाकण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

दुसरे साधन 'ई-संजीवनी'. मोहालीच्या सी-डॅकने विकसित केलेली ही दूरसल्ला सेवा १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. आरोग्य उपकेंद्रातील कर्मचाऱ्याच्या मदतीने मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोयही तीत आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे अशा सल्ल्याला स्पष्ट नियमांचा आधार मिळाला. तिवस्याच्या कर्मचाऱ्यासाठी तिचे मोल वेगळे आहे. अमरावतीला तज्ज्ञाकडे जाऊन येणे म्हणजे निदान अर्ध्या दिवसाची रजा. पहिल्या तपासणीला ती टाळता येत नाही, पण औषध बदलायचे आहे की व्यायाम वाढवायचा आहे, एवढे विचारण्यासाठी दर वेळी ती खर्चण्याचे कारण उरत नाही. पडद्यावरून न होणाऱ्या गोष्टीही आहेतच. रुग्णाला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून पाहणे, हातोडीने गुडघ्याचा झटका तपासणे, पायाच्या कोणत्या भागात संवेदना कमी आहे ते चाचपणे, यासाठी डॉक्टरांचे हातच लागतात.

व्यायाम शिकवणाऱ्या माणसांची तर अमरावतीत वाण नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. शारीरिक शिक्षणाची इतकी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यात कार्यालयीन कर्मचाऱ्याला व्यायामासाठी परदेशी पडद्याकडे पाहावे लागावे, यात काहीसा विरोधाभास आहे खरा. अ‍ॅपवरील व्यायाम पहिल्या आठवड्यात एकदा जाणत्या माणसासमोर करून घेतल्यास चुका तेथेच सुधारतात.

अ‍ॅप बाजूला ठेवण्याची वेळ

लघवी किंवा शौचावरील नियंत्रण सुटणे, मांड्यांच्या आतील भागात व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, पाय लुळा पडू लागणे ही लक्षणे दिसली तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकताच झालेला अपघात यांपैकी काहीही असेल, तरी व्यायाम थांबवून तपासणी करावी. आपल्याकडे यात एक भर घालावी लागते : मणक्याचा क्षय. युरोपात बनलेल्या प्रश्नावल्यांत त्याचा विचार क्वचितच असतो. संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावणे आणि कणाच्या एकाच जागी टिकून असलेले दुखणे, यांना 'बसून बसून झाले असेल' म्हणून सोडून देणे महागात पडते.

नोंदी कोणाच्या हाती?

मोठ्या कंपन्या अशी साधने कर्मचाऱ्यांना स्वखर्चाने देतात, तेव्हा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कोणाची पाठ किती दुखते, कोणाचे काम किती मंदावले, याची रोजची नोंद मालकाच्या हाती पडली तर बढती, बदली किंवा कंत्राटाचे नूतनीकरण यांवर तिचा परिणाम होणार नाही, याची हमी काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे स्थान होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तसा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. संमती घेणे, हेतू सांगणे आणि संमती मागे घेऊ देणे त्यात बंधनकारक असले, तरी नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरण्यास संमतीविना काही मोकळीक दिलेली आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. सेवा केंद्रांवर कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या संगणक चालकाच्या दृष्टीने ही मोकळीक विशेष काळजीची आहे. कार्यालयाला खरोखर सुधारणा करायची असेल, तर नावानिशी नोंदींची गरजच पडत नाही. कोणत्या विभागात दुखण्याचे प्रमाण जास्त आहे, एवढी बेरीज पुरते. खुर्ची, पडद्याची उंची आणि एका माणसाकडे सोपवलेल्या अर्जांची संख्या या गोष्टी तेवढ्यावरून ठरविता येतात आणि त्या ठरविणे कोणत्याही अ‍ॅपच्या आवाक्यातले नाही.

बारा आठवड्यांचा हिशेब

साधन कोणतेही निवडले, तरी त्याला साधारण बारा आठवड्यांची मुदत द्यावी. सुरुवातीला ऑस्वेस्ट्रीचे गुण आणि कामावरील अडथळ्याचा शून्य ते दहा आकडा वहीत लिहून ठेवावा, मग दर पंधरवड्याने. रोज दुखणे मोजत बसू नये. सारखे लक्ष दिल्याने ते अधिक जाणवू लागते. आठवणीची घंटा दर तासाला न ठेवता कामाच्या ओघाशी जुळवावी, जसे की वीस अर्ज निकाली निघाले की दोन मिनिटे उभे राहणे. दर वाजेला बंद केली जाणारी घंटा आठवडाभरात कायमची बंद होते. वऱ्हाडातील उन्हाळा हाही हिशेबात घ्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी सव्वासहा वाजता कार्यालय सुटल्यावर तापलेल्या रस्त्यावर चालण्याचा अ‍ॅपचा आग्रह पाळण्याजोगा नसतो. ते चालणे पहाटे उरकावे, अथवा घरातील व्यायामावर भागवावे. बारा आठवड्यांत ऑस्वेस्ट्रीची टक्केवारी दहा गुणांनीही उतरली नाही, तर दुसरे अ‍ॅप न शोधता वहीतील नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या वेळी आकडा चढला, हे त्या नोंदींवरून त्यांना दोन मिनिटांत कळते.